गजभिये मॅडम बेरोजगार होतात

आमच्या स्टाफरूममध्ये एक कपाट आहे. मुलं विसरून गेलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यात ठेवायच्या, असा नियम. जून उजाडेपर्यंत ते इतकं भरतं, की दार लागत नाही. किस्स्यांचंही तसंच होतं. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, ज्याचा आहे तो न्यायला येत नाही, आणि एक दिवस सहज दार उघडावं तर सगळे अंगावर!

माझ्याकडे ते जरा जास्तच साठतात. मी कमी बोलते. म्हणजे येतं बोलता, पण माझं वाक्य तयार होईपर्यंत इतरांचा विषय बदललेला असतो. लग्नाला दीड महिना झाला असताना मी सांगलीहून बहरीनला आले. ओंकार, म्हणजे माझा नवरा, इथे एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. सप्टेंबरात झिंज भागातल्या एका शाळेत केजीला असिस्टंट म्हणून लागले. शाळा म्हणजे खरं तर दोन व्हिला जोडून केलेली इमारत. स्टाफरूमच्या भिंतीला अजून किचनच्या टाइल्स आहेत. त्या टाइल्सखाली मराठी बोलणाऱ्या आम्ही तिघी. गणिताच्या वैद्य मॅडम, पुण्याच्या. सायन्सच्या गजभिये मॅडम, नागपूरच्या. आणि मी.

पहिले दोन महिने वैद्य मॅडमचा समज होता, की मला मराठी येत नाही! "मुग्धा वॉन्ट्स टी?" असं त्या गजभिये मॅडमना विचारायच्या. मी दुरुस्त केलं नाही. चहा मिळत होता.

*

जूनच्या शेवटच्या दिवशी दुपारी केक होता.

त्याआधी प्रत्येकीने कपाटाची किल्ली, आयकार्ड, लॅपटॉप आणि व्हाइटबोर्डचा डस्टर जमा केला. डस्टरचीसुद्धा पावती! मग ऑफिस सांभाळणाऱ्या मॅथ्यू सरांनी एकेकीला पाकीट दिलं. माझ्या पाकिटातला कागद सांगत होता, की तुमचा करार आज संपत आहे, तुमच्या सेवेबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. लग्नानंतरची पहिली नोकरी आणि दहा महिन्यांत डच्चू! सासूबाईंना काय सांगायचं? तोंड धुऊन बाहेर आले, तर सगळ्या जणी मजेत केक खातायत. आणि प्रत्येकीच्या काखेत तेच पाकीट!

गजभिये मॅडमनी माझे डोळे पाहिले.

"रडली का? पहिल्या वर्षी मीपण रडली होती. आता नववी वेळ आहे माझी."

"कसली?"

"काढून टाकायची! आता मी रडत-बिडत नाही. केकचा कोपऱ्याचा तुकडा पाहून ठेवते. त्याला क्रीम जास्त राहते."

मग त्यांनी मला समजावलं. करार सप्टेंबर ते जून. जुलै-ऑगस्ट शाळा आपली नाही आणि आपण शाळेचे नाही. व्हिसा तेवढा त्यांच्याकडे राहतो, पगार मात्र थांबतो. ऑगस्टच्या शेवटी फोन येतो, की या.

"आणि फोन नाही आला तर?" मी विचारलं.

"तर सप्टेंबरात तुझ्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कोणाजवळ असते. घे, केक खा."

*

त्या फोनबद्दल वैद्य मॅडमकडून ऐकावं.

वैद्य मॅडमचे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. दोन महिने पगार नसला तरी त्यांच्या घरात काही हलत नाही. पण फोन आला नाही तर अपमान! त्यामुळे पंधरा ऑगस्टपासून त्या मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाथरूममध्येही नेतात. घरात मिक्सर लावायला बंदी. यजमानांनी एकदा ऑफिसातून "जेवलीस का?" विचारायला फोन केला, तर "लाइन अडवू नका!" म्हणून ठेवून दिला.

गेल्या वर्षी फोन आला तेव्हा त्या कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये कोथिंबीर निवडत होत्या. इथे किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. मॅडम हातातली जुडी उंचावून ओरडल्या, "येस सर! शुअर सर! थँक्यू सर!"

गल्ल्यावरचा कोळिकोडचा कुट्टीभाई शांतपणे म्हणाला, "मुबारक, टीचर. अब्बी इस गल्ली में तीन टीचर का फोन बाकी है."

*

यंदा मात्र गजभिये मॅडमचं गणित वेगळं होतं.

त्यांचे मिस्टर मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. थंडीत ते वर्कशॉप बंद पडलं. दोन महिने इथे शोधाशोध करून शेवटी ते नागपूरला गेले, तिकडे काही जमतंय का पाहायला. इथे राहिल्या मॅडम आणि मित्रा. मित्रा म्हणजे संघमित्रा, त्यांची मुलगी. एप्रिलपासून बारावीत. गेली आठ वर्षं जुलै-ऑगस्ट मिस्टरांच्या पगारावर निघत. या वर्षी दोघांपैकी एकाचाही पगार नाही. घरभाडं आणि मित्राची फी मात्र दर महिन्याला ठरल्या दिवशी हजर! नागपूरच्या मामाने निरोप धाडला, की पोरीला इकडे पाठव, इथल्या कॉलेजात बघू. बारावी अर्धी सोडून! मित्राचं मंगळवारचं तिकीटसुद्धा त्याने काढून टाकलं. जुलैचा दुसरा मंगळवार.

शेवटच्या दिवशी केक संपल्यावर मॅडमनी चष्मा लावून आपली पगाराची स्लिप वाचायला घेतली. त्या सगळं वाचतात. औषधाच्या डबीतला पातळ कागद, मायक्रोवेव्हचं पुस्तक, सगळं.

"मॅथ्यू सर, हे दर महिन्याला काय कापून राहिले जी तुम्ही?" हे त्यांनी हिंदीत विचारलं, पण 'जी' नागपूरचाच होता.

"वो? वो अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, मॅडम. सबका कटता है. गव्हर्नमेंट का रूल."

"म्हणजे बेरोजगार झालो तर पैसे मिळतात?"

"रूल तो ऐसा है."

"मग नऊ वर्षांपासून दर उन्हाळ्यात मी काय होऊन राहिली?"

मॅथ्यू सरांनी टेबलावरचा स्टेपलर उगाच सरळ केला. "मॅडम," ते म्हणाले, "चौदा साल में ये क्वेश्चन कोई नहीं पूछा."

वैद्य मॅडम तडकल्या. "इश्श! बेरोजगार काय? आपण शिक्षक आहोत, सुट्टीवर आहोत!"

"सुट्टीवर तुम्ही आहात," गजभिये मॅडम स्लिपची घडी घालत म्हणाल्या. "माझ्याजवळ तर थँक्यूचं पत्र आहे."

*

अर्ज ऑनलाइन होता, म्हणून त्या आमच्या घरी आल्या. माझं टायपिंग बरं आहे. मलाही अर्ज करायची हौस आली होती, पण माझं कपातीचं वर्ष भरलेलं नव्हतं. म्हणजे बेरोजगार व्हायलाही मी अजून ज्युनिअर!

फॉर्म पाहून माझं डोकं गरगरलं. मॅडम मात्र पेपर सोडवावा तशा बसल्या: आधी सगळे प्रश्न वाचले, मग सोपे सोडवले, मग अवघड. "कोणत्या प्रकारचं काम शोधत आहात?" टीचर. "ते न मिळाल्यास?" टीचर. "अन्य कौशल्ये?" इथे त्या थांबल्या.

"लिही. अडतीस मुलांना एका वेळी गप्प करता येते."

मी लिहिलं, क्लासरूम मॅनेजमेंट.

ओंकार चहा घेऊन आला. तो गमत्या आहे. "मॅडम, उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे बेरोजगारी असेल, तर मी दर शुक्रवारी अर्ज टाकतो!"

"टाका ना," मॅडम स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या. "पण रविवारी ऑफिसात खुर्ची आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे का नाही?"

"आहे की."

"मग नाही मिळत. नियम चौथा. परत घ्यायची हमी असली, की तो माणूस बेरोजगार नाही. मला हमी नाही. म्हणून मी आहे. चहात साखर कमी आहे, पण चांगला झाला."

ओंकारने माझ्या खांद्यावरून तो नियम तीनदा वाचला. रात्री जेवताना म्हणाला, "या बाईंना आमच्या ऑडिटला पाठवलं पाहिजे." त्याच्याकडून एवढं कौतुक माझ्याही वाट्याला अजून आलेलं नाही.

*

आता गंमत बघा. नऊ वर्षांत कुणाला मिळाली नाही अशी वस्तू त्याच आठवड्यात गजभिये मॅडमकडे चालून आली. हमी!

अर्जाची कुणकुण शाळेला लागली असावी. मॅथ्यू सरांनी बोलावून घेतलं. सोबत मी. त्यांनी ड्रॉवरमधून एक पत्र काढलं. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट. एक सप्टेंबरपासून आपली पुन्हा नेमणूक करण्यात येत आहे.

माझ्या तोंडून "अय्या!" निघून गेलं. ऑगस्टमध्ये फोन पिशवीत घालून फिरण्याची गरज नाही! मी तिथेच दाराबाहेर जाऊन वैद्य मॅडमना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "घे म्हणावं तिला! घे आणि कपाटात ठेव. त्या अर्जाच्या ऑफिसात सांगायचं कशाला? कोण बघायला येतंय?"

गजभिये मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली.

"सर, यात जुलैचं काही नाही."

"जुलै का नहीं हो सकता, मॅडम."

"नोकरी सप्टेंबरची देऊन राहिले तुम्ही. पोट तर जुलैचं आहे." त्यांनी पत्र टेबलावर परत ठेवलं. उलटं नाही, नीट त्यांच्याकडे तोंड करून.

"मॅडम, सोच लो. बाद में मेरे हाथ में कुछ नहीं रहेगा."

"सोच लिया, सर."

बाहेर आलो. उन्हाने गाड्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. माझं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा वेळेत तयार झालं. "मॅडम, पत्र घेऊन गप्प राहिला असतात तर? मित्रासाठी?"

"मुग्धा, कॉपी करणारं पोरगं पकडलं, की मी त्याला एकच म्हणते, माझ्या डोळ्यांत पाहून सांग." त्या छत्री उघडत होत्या. इथे छत्री फक्त उन्हासाठी. "उद्या काउंटरवरच्या बाईनं मलाच म्हटलं, डोळ्यांत पाहून सांग, तर?"

म्हणजे आता जुलैचा भत्ताही हातात नव्हता आणि सप्टेंबरची नोकरीही. मी घरी येऊन ओंकारला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला.

*

बेरोजगारांचं ऑफिस मी पहिल्यांदा पाहिलं. एसी असा, की ओढणी दोनदा गुंडाळली. माणसं टोकन घेऊन बसलेली. कुणी भिंतीकडे बघतंय, कुणी मोबाइल चाळतंय.

गजभिये मॅडम बसल्या, चष्मा लावला, पिशवीतून गठ्ठा काढला, आणि मांडीवर ठेवून तपासायला लागल्या. नववीचे युनिट टेस्टचे पेपर!

त्या लाल पेनाची हवाच वेगळी. पाच मिनिटांत आमच्या रांगेतली दोन मोठी माणसं ताठ बसली. मागच्या एका तरुणाने मोबाइल खिशात घातला.

मला सुचवायचं होतं, की मॅडम, इथे नको. माझं वाक्य तयार होत होतं. तेवढ्यात नंबर लागला.

काउंटरवर अबाया घातलेली तरुण मुलगी होती. हसरी, इंग्रजी छान. तिने सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, पाहिलं, करार संपल्याचं पत्र पाहिलं.

"सध्या तुम्ही काम करत नाही?"

"नाही."

तिची नजर मॅडमच्या काखेतल्या गठ्ठ्यावर गेली. मग बोटांवरच्या लाल शाईवर.

"मग हे काय आहे?"

आता कुणीही दुसरं माणूस म्हणालं असतं, की मुलीचा अभ्यास आहे, जुने कागद आहेत, रद्दी आहे! मॅडम अभिमानाने म्हणाल्या, "नववी ब. उष्णता आणि तापमान."

"म्हणजे तुम्ही काम करताय."

"काम नाही. तपासून राहिली फक्त."

"टीचर," ती मुलगी हळूच म्हणाली, "मी इथे बसून लोकांचे अर्ज तपासते. त्याला आमच्याकडे काम म्हणतात."

फाइल बाजूला गेली. सोमवारी वरच्या मजल्यावर सुनावणी. पुरावा म्हणून पेपर सोबत आणायचे. सोमवार म्हणजे तिकिटाच्या आदला दिवस!

*

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. एका खोलीत दोन पलंग, मध्ये मित्राची बॅग उघडी. कपडे भरलेले होते. फिजिक्स आणि केमिस्ट्रीची पुस्तकं मात्र टेबलावरच, ओळीने. ती भरायला तिने साफ नकार दिला होता.

मित्राला मराठी सगळं कळतं. उत्तरं इंग्रजीत येतात.

"मम्मी, यू कुड हॅव लेफ्ट द पेपर्स ॲट होम! जस्ट वन डे!"

"घरी कशी तपासू बाई? घरी दिवसा आपण एसी लावतो का? घामाचे थेंब पडून पोरांची उत्तरं पुसून राहिली होती. तिथं मस्त थंड होतं. म्हटलं, नंबर येईपर्यंत दहा तरी होतील."

मित्रा आईकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शी इज अनबिलिव्हेबल." रागाने सुरू झालेलं वाक्य शेवटाला पोहोचेपर्यंत तिचा आवाज बदलला होता. ती उठली आणि बॅगेतून आपला एक ड्रेस काढून परत कपाटात लटकवला. फक्त एक.

"किती झाले मग तिथे?" मी विचारलं.

"अकरा," मॅडम म्हणाल्या. "एक जास्तच झाला."

*

सोमवार.

टेबलापलीकडे तिघं. मधोमध पांढऱ्या पायघोळ थोबमधले वयस्क साहेब, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला फाइल घेतलेला तरुण, दुसऱ्या बाजूला काउंटरवरची ती मुलगी. अलीकडे मॅडम. आणि भिंतीशी मित्रा आणि मी, एकमेकींचे हात धरून. कुणी कुणाचा धरला, आठवत नाही.

"बैठो, टीचर," साहेब हिंदीत म्हणाले आणि मग सावकाश इंग्रजीवर आले. "हे पेपर तपासायला शाळेने सांगितलं?"

"नाही सर. शाळेनं तर डस्टरपण जमा करून घेतला."

"याचे पैसे मिळतात?"

"नाही."

"मग तुमच्याकडे कसे?"

"परीक्षा शेवटच्या आठवड्यात झाली. त्यात करार संपला. करार संपला, पेपर नाही संपले."

फाइलवाल्या तरुणाने काहीतरी लिहिलं. साहेबांनी चष्मा वर केला.

"सप्टेंबरात शाळा तुम्हाला परत घेणार, अशी हमी आहे?"

"नाही."

"कधीच दिली नाही?"

मित्राचा हात घट्ट झाला. मॅडम सरळ साहेबांच्या डोळ्यांत बघत होत्या.

"दिली होती. मागच्या आठवड्यात. लेखी. मी परत केली."

काउंटरवरच्या मुलीचं पेन थांबलं.

"का?"

"ठेवली असती, तर आज इथं नाही म्हणताना खोटं बोलावं लागलं असतं."

 साहेबांनी गठ्ठा पुढे ओढला आणि वरच्या पेपरवर बोट ठेवलं.

"म्हणजे सप्टेंबरात तुम्ही त्या शाळेत असाल की नाही, तुम्हाला माहीत नाही. नसलात, तर या पेपरांचं काय?"

"जी नवी टीचर येईल, ती वाटेल. मी मॅथ्यू सरांजवळ देऊन ठेवीन."

"तुमच्या जागेवर आलेल्या बाईसाठी तुम्ही पेपर तपासताय?"

"तिच्यासाठी काहून? पोरांसाठी." मराठी शब्द मध्येच घुसला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "परीक्षा दिली आहे सर त्यांनी. आपल्याला किती आलं, हे त्यांना कळायला नको?"

 तिघं अरबीत बोलू लागले. मला एक 'मुदर्रिसा' समजला, म्हणजे शिक्षिका. मग तरुण काहीतरी नियम दाखवू लागला, मुलगी पटापट बोलली, आणि साहेब म्हणाले, "खलास."

मी त्याचा मराठी अर्थ घेतला. साहेबांनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि फाइलवर मारला.

"मबरूक, टीचर," ती मुलगी म्हणाली. "मंजूर. जुलै आणि ऑगस्ट."

"सो आय ॲम स्टेइंग?" मित्रा माझ्या कानात कुजबुजली. मी मान डोलावली. 

साहेबांनी बोट वर केलं. "पण एक गोष्ट. आजपासून तुम्ही सरकारी कागदावर बेरोजगार आहात. भत्ता चालू असताना कुठलंही काम करताना दिसलात, तर त्याच दिवशी बंद. कुठलंही! समजलं?"

"समजलं, सर."

त्यांनी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, मॅडमना द्यायला पुढे केला आणि मध्येच थांबले. वरच्या पेपरकडे बघत राहिले. पान उलटलं. परत पहिल्या पानावर आले. ओठ काहीतरी मोजत होते.

"टीचर, हा मुलगा. चौथ्या प्रश्नाला तुम्ही दोन दिलेत. खाली बेरजेत ते दिसत नाहीत."

"कुठं?" मॅडम अर्ध्या उठून टेबलावर वाकल्या. "अरे बाप्पा!"

आणि पर्सची चेन उघडून त्यांनी लाल पेन काढलं.

सगळ्यात आधी तो फाइलवाला तरुण वर बघायला लागला. मग ती मुलगी. साहेबांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला, आणि तिघंही मान वर करून भिंतीवरच्या एसीकडे बघत बसले.